बोटीच्या नाकपुड्या केडगावात ओतल्या

बोटीला नाक असतं हे नगर जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्या थोड्यांतला मी एक. नुसतं ठाऊक नाही, ते नाक मी केलंय. बंदरावर उभं राहून एखाद्या आगबोटीकडं समोरून पाहिलंत तर तिच्या दोन्ही गालांवर एकेक भोक दिसेल. जाड ओठांचं, खाली उतरलेलं, म्हशीच्या नाकपुडीसारखं. त्यातून साखळी लोंबत असते. ते नुसतं भोक नसतं, आरपार गेलेली नळी असते. तिचं वरचं तोंड बोटीच्या डेकवर आणि खालचं बाहेर गालावर. बोटीला थांबायचं असलं की साखळी वरून या नळीत शिरते, तिरकी उतरते आणि बाहेरच्या ओठावरून वळून समुद्रात जाते. ओठ गोल आणि गुळगुळीत नसला तर साखळी कडेला खाते, कड साखळीला खाते, आणि एखाद्या वादळात दोघांचं भांडण मिटतं ते साखळी तुटूनच. मग बोट वाऱ्यावर. मोठ्या बोटींना या नळ्या पोलादी लागतात. किनाऱ्याकिनाऱ्यानं चालणाऱ्या म्हाताऱ्या बोटींचं बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, भागतं.

अशी बिडाची जोडी आम्ही केडगावात ओतली. केडगावपासून समुद्र इतका लांब की इथल्या कावळ्यांनी त्याच्याविषयी ऐकलेलंसुद्धा नाही. त्यातून साल बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. समुद्र राहू द्या, रांजणात पाणी नव्हतं. फाट्यावरचा चहावाला कप विसळायच्या ऐवजी नुसते फुंकून पुढं करी आणि फुंकण्याचे पैसे घेत नाही म्हणून उपकाराचा चेहरा करी. टँकर आला की माणसांच्या आधी कुत्री रांगेत उभी राहत, आणि खरं सांगतो, ती जास्त शिस्तीत राहत.

आमची फौंड्री म्हणजे पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि सतरा माणसं. आम्ही उसाचे चरक ओतायचो आणि पंपाच्या बॉड्या. आता पाणी नाही तर पंप कशाला, आणि ऊस नाही तर चरक कुणाला? उलट लोक जुने चरक मोडीत आणून टाकायला लागले. आवारात चरकांचा डोंगर झाला आणि आम्ही सतरा जण त्याच्या सावलीत बसून एकमेकांच्या चुका काढायला लागलो. मालक रतनशेठ रोज सकाळी येऊन आमच्याकडं बघत, सुस्कारा टाकत आणि जात. महिनाअखेर कुलूप लागणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. कुलूप म्हणजे दुष्काळी काम. दुष्काळी काम म्हणजे हातात घण, पुढ्यात दगड, दुपारी सरकारी सुकडी, रात्री मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी.

मला त्याचं फार वाटत नव्हतं. मी फर्मेवाला. फर्मा म्हणजे हव्या त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि राहिलेल्या पोकळीत बिडाचा रस ओतायचा. बीड थंड होताना आटतं, म्हणून फर्मेवाल्याची पट्टी मुळातच फुटामागं एक सूत लांब असते. लोक म्हणतात, नाना वाढवून सांगतो. अहो, धंद्याची सवय आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाऊन थंड झालं की बरोबर मापाचं उरतं. फर्मेवाल्याला फौंड्री नसली तरी पाट-पोळपाट करून जगता येतं.

प्रश्न होता सोपानचा. सोपान आमचा मोल्डर, म्हणजे फर्मा दाबून वाळूचा साचा करणारा, पाथर्डीकडचा. आधी गावाकडं मोट हाकायचा, मग आमच्याकडं वाळूत शिरला आणि वाळूचाच झाला. मूठभर ओली वाळू दाबायचा, मूठ उघडायचा, लाडू मोडायचा आणि सांगायचा, दोन ओंजळी पानी कमी हाय. कधी चुकला नाही. मोल्डरचं सगळं भांडवल बोटांच्या पेरांत असतं. तो हात चार महिने घणावर गेला की पेरं जाड होतात, आणि एकदा जाड झालेल्या हाताला वाळू पुन्हा ओळख देत नाही. सतरांतले सोळा जण खडी फोडून परत कामावर येऊ शकले असते. सोपान आला असता, पण मोल्डर म्हणून नव्हे.

अशात मुंबईहून काम आलं, आणि तेही शेठच्या तोंडामुळे. कुठल्याशा लग्नात पंगतीला बसून त्यांनी बढाई मारली होती की देव सोडून आमची फौंड्री काहीही ओतते. शेजारच्या पानावर मुंबईच्या एका बोटदुरुस्तीच्या कारखान्याचा माणूस जेवत होता. तिकडच्या फौंड्र्या संपावर होत्या. त्यानं लक्षात ठेवलं आणि कारकुनाला पत्र टाकायला सांगितलं. शेठचं इंग्रजी बेताचं आहे अशी कुणीतरी चुगली केली असावी, कारण पत्र शुद्ध मराठीत आलं. 'नांगराची साखळी जाण्यासाठी तिरकस नळ्या दोन, एक डावी व एक उजवी, सोबतच्या नकाशाप्रमाणे. आमचे साहेब जातीने तपासणीस येतील. पसंत पडल्यास आणखी पाच जोड्या.'

शेठनी पत्र तीनदा वाचलं. नांगर म्हणजे काय हे नगर जिल्ह्यात कुणाला विचारायला जायचं? लोखंडी नांगराला साखळी असते, ती बैलांच्या जुवापर्यंत जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. नकाशावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. ते शेठनी अक्षर लावून 'हौस पाइप' असं वाचलं आणि म्हणाले, असेल कुणा मुंबईकराची हौस. नकाशात कोपऱ्यात एक पुढं आलेला, खाली निमुळता होत गेलेला बाक काढला होता. सोपाननं त्यावर बोट ठेवून सांगितलं, ह्यो फाळ. सगळ्यांच्या माना हलल्या. आज मला ठाऊक आहे की तो बोटीचा पुढचा भाग होता; पण तुम्ही जन्मात बोट पाहिली नसेल आणि सकाळ-संध्याकाळ फाळ पाहिला असेल, तर तुम्हीही फाळच म्हणाल.

अडचण फक्त मापाची होती. नळीतून एक करडू सहज पलीकडं गेलं असतं. साखळीची एक कडी माझ्या मनगटाएवढी. असल्या साखळीनं ओढायचा नांगर केवढा, आणि त्याला बैल केवढे? शेठ म्हणाले, सरकारी असेल, ट्रॅक्टरचा. एकाही माणसाला असं विचारावंसं वाटलं नाही की मुंबईत नांगरतात काय, डांबर?

मी फर्मा करायला घेतला आणि ओठापाशी अडलो. नकाशात नळीच्या खालच्या तोंडाला चांगला मांडीएवढा जाड, गोल ओठ दाखवला होता. फर्मेवाल्याला जाड जागा आवडत नाही. पातळ बीड लवकर थंड होतं, जाड उशिरा, आणि उशिरा थंड होताना आत पोकळी धरतं. मी ठरवलं की ओठ अर्धा उतरवायचा. बीड वाचेल, शेठ खूश, पोकळीची भीती नाही. सोपान शेजारी वाळू चाळत होता. तो थांबला.

"नाना, व्हट न्हाई काढायचा."

मी कारण विचारलं. तो म्हणाला की मोटेवर असताना त्यानं बघितलंय. विहिरीच्या काठावरच्या लाकडी कण्यावरून सोल, म्हणजे मोटेचा दोर, सरकते. कणा गोल होता तोवर एक सोल सहा महिने टिकली. कण्याला धार आली आणि पुढची सोल पंधरा दिवसांत तुटून मोट विहिरीत गेली. साखळी झाली तरी तिला वळायला गोलच लागतं.

आता मी फर्मेवाला, हातात पट्टी, कानाला पेन्सिल. मोट हाकणाऱ्यानं मला शिकवायचं? मी म्हणालो, "सोपानराव, ही मोट नाही, नांगर आहे. नांगराची साखळी सरळ ओढली जाते. का तुमच्याकडं बैल आडवे चालतात?"

शेडमधले सगळे हसले. सोपान पुन्हा वाळू चाळायला लागला. मी पटाशी घेतली आणि दोन्ही फर्म्यांचे ओठ निम्मे उतरवले.

जोडी ओतून झाली. दिसायला अशी देखणी की मला राहवेना. फाट्यावर चहाला गेलो की लोक विचारत, नाना, सध्या काय ओतताय? चरक म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, नांगर. एवढ्यावर थांबलो असतो तर मी नाना कसला? मी म्हणालो, सरकारचा आहे. एकदा जमिनीत घातला की पाणी लागल्याशिवाय वर येत नाही. नुसत्या साखळीसाठी नळी लागते ती एवढी, आणि हात पसरून दाखवली. हात पसरायला मी पट्टी फर्मेवाल्याचीच वापरतो. दुसऱ्या दिवशी लोक शेडबाहेर बघायला आले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा सुप्याहून आला आणि नळीच्या पाया पडून गेला. आठवड्यात त्या नांगराला नाव मिळालं, महानांगर, आणि तो म्हणे नगरपासून सुरू होऊन पार बीडपर्यंत नांगरटीचं एकच तास मारणार होता.

तेवढ्यात मुंबईचे साहेब आले. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, सावळे, सडपातळ, बोलणं हळू. नळीभोवती एक फेरी मारली, ओठावर हात ठेवला आणि तिथंच थांबले.

"नांगर टाकला की सगळा भार या ओठावर येणार," ते म्हणाले.

शेठ अदबीनं म्हणाले की टाकायचा कशाला साहेब, धरायचा असतो.

"धरतो ना. चिखल असला की चांगला धरतो. वाळूत धरत नाही."

सोपान म्हणाला, "वाळूत कोन नांगरतंय साहेब?"

साहेबांना ते ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, "आणि वारं सुटलं म्हणजे तर विचारूच नका."

"वाऱ्याचं काय न्हाई. आमी वारं सुटलं तरी थांबत न्हाई."

"आम्ही वारं सुटलं की थांबतो. त्यासाठीच तर टाकायचा."

इथं मी हळूच नकाशाकडं पाहिलं. सोपानला मात्र गोडी वाटायला लागली होती. त्यानं विचारलं, तुमच्यात नांगर खोल किती जातो?

"वीस वाव. कधी पंचवीस."

"वीस वाव, म्हंजी ऐंशी हात," सोपान म्हणाला. "मंग खाली पानी लागत आसंल."

साहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "खाली कसं लागेल? पाणी वरच असतं. वीस वाव पाणी, त्याच्या खाली नांगर."

 मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात बोट शिरली. शेठनी खिशातून पत्र काढलं, पुन्हा वाचलं आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं, जसं काही त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. फाळ बोट झाला. हौस कुणाचीच उरली नाही. सोपान तेवढा गंभीर होता. त्यानं विचारलं, "साहेब, त्या पान्याच्या तळाला जमीनच आसती ना?"

"जमीनच."

"मंग नांगरच म्हनायचा," सोपान म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

साहेबांचं झालं नव्हतं. त्यांनी बाही वर करून ओठावर हात फिरवला. बोट वाऱ्यानं फिरते, म्हणाले. साखळी कधी पुढून येते, कधी बाजूनं, कधी बोटीच्या पोटाखालून. ज्या ओठावर ती वळणार तोच तुम्ही कापलात. नकाशात स्पष्ट दाखवला असताना. हा ओठ कुणी उतरवला?

दिवाळी अंकात लिहिणाऱ्या माणसानं आपला पराक्रम सांगावा अशी रीत आहे. माझा इथला पराक्रम असा की इतके दिवस फाट्यावर जी जीभ महानांगर ओढत होती ती टाळ्याला चिकटली. सोळा माणसं माझ्याकडं बघत होती. मी माझ्या पट्टीकडं बघत होतो.

"नजरचूक झाली साहेब," सोपान म्हणाला. "आठ दिस द्या."

साहेबांनी आठ दिवस दिले. ते गेल्यावर शेठनी सोपानला सगळ्यांदेखत सांगितलं की तुझ्यापायी सतरा घरं खडीवर जाणार, आणि पहिलं नाव तुझं देणार. बोलायला दुसरी संधी होती. तीही मी जाऊ दिली.  सोपाननं फर्म्याकडं बोट करून एवढंच विचारलं की लाकूड चढवायला किती दिस. मी म्हणालो, दोन. म्हणाला, दीडात करा.

दीड दिवसात ओठ परत चढवले, पट्ट्या चिकटवून, तासून, मेण भरून. आयुष्यात एवढं गप्प बसून काम केलेलं मला आठवत नाही. आता अडलं पाण्यावर. मोल्डिंगच्या वाळूला ओल लागते, नाहीतर ती आकार धरत नाही. पहिल्या जोडीच्या वेळी आमच्या विहिरीतलं शेवटचं पाणी संपलं होतं. आता तळाला चिखलही नव्हता, नुसता विहिरीचा आव. दोन पिंपं पाणी मिळवायला शेठ सावेडीपासून नगरच्या पेठांपर्यंत फिरले आणि हात हलवत परत आले. प्यायला नाही तिथं वाळू पाजायला कोण देणार? आठातले चार दिवस असे गेले.

पाचव्या दिवशी निरोप आला की तात्यासाहेब महानांगराच्या पूजनाला येताहेत.

तात्यासाहेब हे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या कपड्यांइतकं पांढरं त्या वर्षी जिल्ह्यात काहीही नव्हतं; ढगसुद्धा. फाट्यावरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि इतका मोठा नांगर आपल्या हस्ते न निघता दुसऱ्याच्या हस्ते निघाला तर काय, या काळजीनं त्यांना झोप येत नव्हती. शेठ घाबरले. मला पुढं घातलं, कारण नांगर माझा. मी तात्यासाहेबांच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं: हा बोटीचा नांगर आहे, आणि नांगरही नव्हे, त्याच्या साखळीची नळी आहे, आणि तीही नापास झालेली.

"बोटीचा असो नाही तर मोटेचा," तात्यासाहेब म्हणाले, "नांगर आहे ना?"

 मी खरं बोललो की असं होतं.

पूजनाच्या दिवशी सकाळी एक टँकर आवारात शिरला. भरलेला. सतरा माणसं उभी राहिली. ड्रायव्हरनं चिठ्ठी दाखवली: 'कार्यक्रमाच्या जागी धुळीवर पाणी मारणे.' तात्यासाहेबांच्या धोतरावर धूळ उडू नये म्हणून. टँकरच्या मागोमाग केडगावच्या बायका हंडे-कळश्या घेऊन धावत आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली, टँकरकडं पाहिलं, मग पायाखालच्या जमिनीकडं.

"आमच्या आदी धुळीला ताहान लागली व्हय?" ती म्हणाली.

ड्रायव्हर बिचारा चिठ्ठीचा ताबेदार. म्हणाला, बाई, मला लिहून दिलंय ते मी करणार. इथं माझी जीभ अखेर सुटली. मी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा चढवला, सावकाश वाचली. विचारलं, यात कुठली धूळ ते लिहिलंय का? नाही. मग त्याला हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि मोल्डिंगच्या वाळूचा ढीग दाखवला. चाळलेली, काळी, मैद्यासारखी बारीक. मी म्हणालो, दादा, नगर तालुक्यातली सगळ्यांत मोठी धूळ ही. तात्यासाहेब इथंच उभे राहणार. मार पाणी. त्यानं वाळूकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं, आणि त्याची सरकारी शंका मिटली.

दोन पिंपं भरली, तीन भरली. मी सगळी पिंपं पुढं ओढायला लागलो. एवढं पाणी पुन्हा दिसणार नव्हतं. पाच जोड्यांची वाळू झाली असती. सोपाननं माझ्या हातातलं पिंप धरलं.

"नाना, तीन बास. वाळूला जादा पानी पाजलं की रस उडतो."

"पुढच्या जोड्यांना ठेवू."

"म्होरल्याचं म्होरं. बाया उभ्या हायेत."

ड्रायव्हरला सांगायचं काम पुन्हा माझ्याकडं आलं. मी त्याला समजावलं की या बायांच्या अंगावरही बरीच धूळ आहे. तो हसला, आणि टँकर हंड्यांत रिकामा झाला. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी थेंब उरला नाही.

तात्यासाहेब आले ते वावटळ घेऊन. मांडवाचं कापड उडालं, हारातली फुलं राहुरीच्या दिशेनं गेली, आणि नापास नळीवर नारळ फोडेपर्यंत ते स्वतः डोक्यापासून पायापर्यंत जोंधळ्याच्या पिठात लोळल्यासारखे झाले होते. लाउडस्पीकर धुळीनं घसा धरून बसला. पण माणूस हिकमती. समोर कर्ण्यासारख्या तोंडाची नळी आडवी ठेवलेली, तिच्या मागच्या टोकाला त्यांनी तोंड लावलं आणि भाषण सुरू केलं. आवाज सावेडीपर्यंत गेला असं तिथली माणसं शपथेवर सांगतात. शब्द मात्र आतल्या आत इतके घुमले की आत काहीही शिरलं तरी बाहेर पडे ते फक्त 'पाणी... पाणी...'. त्यांच्या सबंध कारकिर्दीत लोकांना मनापासून पटलेलं ते एकच भाषण. टाळ्या थांबेनात.

शेडच्या आत, दाराला फळी लावून, सोपान वाळू दाबत होता. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि तो साच्याच्या पेटीवर वाकून ओठाच्या जागी बोटाच्या पेरांनी वाळू चोपडी करत होता. तिथं थापीचा उपयोग नसतो, वळण बोटालाच कळावं लागतं. तास, दोन तास, तो एकाच वळणावर. मी शेजारी पलिता धरल्यासारखा कंदील धरून उभा.  

सातव्या दिवशी दुपारी भट्टी लागली. मोडीतले चरक फोडून आत टाकले. ज्यांनी जन्मभर ऊस पिळला ते आता समुद्र बघायला निघाले होते. रस लाल, मग पिवळा, मग पांढरा झाला. डावी ओतली, उजवी ओतली. आठव्या दिवशी सकाळी पेट्या फोडल्या, वाळू झाडली.  शेजारी दुष्काळी कामाच्या यादीचा कागद घेऊन मुकादम येऊन बसला होता. पहिल्या ओळीत सोपानचं नाव.

साहेब अकराच्या सुमाराला आले. हातोडीनं दोन्ही नळ्यांवर टिचक्या मारल्या. नळ्या घंटेसारख्या वाजल्या, म्हणजे आत पोकळी नाही. मग बाही वर केली आणि कोपरापासून मनगटापर्यंत आतली कातडी ओठावरून फिरवली. मग खिशातून कापसाचा बोळा काढून पुन्हा त्याच वळणावरून. बोळा उजेडात धरला. ओठावर एक तंतू अडकला नव्हता. त्यांनी पिशवीतून ठसा काढला आणि दोन्ही नळ्यांवर ठोकला. शेठ खाली बसले. मुकादम उठला.

साहेबांनी कागद काढला. म्हणाले, पुढच्या पाच जोड्याही याच हाताच्या हव्यात, तेव्हा रिपोर्टात कारागिराचं नाव लिहून देतो. ओठ कुणाचा?

 मला कळलं की चौथ्यांदा ही संधी मिळणार नाही. मी पुढं झालो.

"साहेब, ओठ सोपानचा. आणि मागच्या वेळी कापलेला माझा. हा नको म्हणत होता. चूक माझी, यानं अंगावर घेतली."

शेठनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मुकादमानं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य फुटाला एक सूतही न वाढवता बोललो होतो, आणि माझे कान तापले होते.

सोपान चेहऱ्यावरची काळी वाळू पुसत होता. म्हणाला, "साहेब, नानांचं काय खरं धरू नका. सरकारचा महानांगर बी ह्यांनीच केल्ता."

सगळी शेड हसली. साहेबही हसले, कारण येताना फाट्यावर चहा घेताना त्यांनीही महानांगराची हकिगत ऐकली होती. हसता हसता त्यांनी रिपोर्ट लिहिला. फर्मेवाला म्हणून माझं नाव शेठनी सांगितलं, ते कारागिराच्या जागी गेलं. मी परत तोंड उघडलं तर सगळे आणखीच हसले.

त्या पाच जोड्या झाल्या. मग चांगला पाऊस पडला, चरक परत आले, मुंबईचे संप मिटले आणि समुद्राशी आमचा संबंध तुटला. सतरांतला एकही खडीवर गेला नाही. सोपाननं नंतर वीस वर्षं मोल्डिंग केलं. मी त्याला एकदा विचारलं की तसं का म्हणालास. तो वाळूची मूठ दाबत होता.

"नाव लिवलं असतं तर मुंबैला बोलवलं असतं," तो म्हणाला. "तिथली वाळू खारी."

त्या सहा जोड्यांतली एखादी अजून कुठल्या बंदराला लागत असेल, तर तिचे ओठ सोपानचे आहेत. मी हे फाट्यावर, लग्नात, एस.टी.त, सावेडीच्या नव्या बंगल्यांत, सगळीकडं सांगून पाहिलं. लोक म्हणतात, नाना, आणखी एक सांगा. म्हणून या वेळी छापून घेतोय.